विघ्न कोणाच्या वाटेतले? विनायकाच्या उत्पत्तिकथांचा विचार

गणपती हा मूळचा बुद्धच होय, ब्राह्मणी धर्माने त्याचे रूपांतर केले, असे विधान आपल्या उपासकवर्गात वारंवार ऐकू येते. पुस्तिकांतून ते छापले जाते, व्याख्यानांतून टाळ्या घेते आणि भाद्रपद महिना जवळ आला की विशेष जोर धरते. त्याच्या पुष्ट्यर्थ सामान्यतः चार आधार दिले जातात. विनायक हे बुद्धाचे एक नाव आहे. गण म्हणजे संघ, म्हणून गणपती म्हणजे संघनायक. महामायेच्या स्वप्नात श्वेत हत्ती येतो. आणि अष्टविनायकांपैकी लेण्याद्रीचा गणपती तर प्रत्यक्ष बौद्ध विहारात बसलेला आहे. वरवर पाहता हे आधार भक्कम वाटतात. ते मांडणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असेही आम्ही म्हणत नाही. परंतु त्यातून निघणारा व्यवहार आम्हांस चिंताजनक वाटतो. गणपती जर आपलाच, तर तो घरी आणण्यास हरकत काय, असा पुढचा प्रश्न मुलाबाळांच्या हौसेचे निमित्त करून विचारला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीचे नाव घेऊन त्यांना न मानण्याची व त्यांची उपासना न करण्याची आहे. ती सोडावयास लावणारा युक्तिवाद बुद्धाच्याच नावाने पुढे यावा, हा प्रकार सोडून देण्याजोगा नाही. म्हणून या चार आधारांची परीक्षा करणे आणि विनायकाविषयी खुद्द ब्राह्मणी ग्रंथ काय सांगतात ते पाहणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

प्रथम नावाचा विचार करू. अमरकोशात बुद्धाच्या नामावलीत विनायक हा शब्द आहे, हे खरे. सद्धर्मपुंडरीकातही बुद्धास विनायक म्हटले आहे. विनय या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे: योग्य मार्गाने नेणारा, शिस्त लावणारा तो विनायक. परंतु याच अमरकोशात हेच नाव गजाननाच्या नामावलीत पुन्हा स्वतंत्रपणे दिलेले आहे. अमरसिंह हा बौद्ध होता अशी परंपरा आहे. त्याला दोघे एकच वाटत असते तर त्याने दोन ठिकाणी दोन नामावल्या दिल्या नसत्या. एक शब्द दोघांना लागला म्हणून दोघे एक होत नाहीत. हरि या शब्दाचे कोशात विष्णूपासून माकडापर्यंत कितीतरी अर्थ आहेत. त्यावरून कोणी विष्णूला माकड ठरवीत नाही.

गण शब्दाचीही तीच गत. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात संघी, गणी व गणाचार्य ही विशेषणे येतात. पण ती तेथे पूरण कस्सप, मक्खलि गोसाल आदी सहा परमतीय आचार्यांना लावलेली आहेत. त्या काळी ज्याच्याभोवती शिष्यसमुदाय असे तो प्रत्येक आचार्य गणी म्हणविला जाई. शाक्य, मल्ल, वज्जी यांची गणराज्ये होती हे खरे. मात्र त्या राजकीय गणाचा आणि शंकराच्या भूतगणांचा संबंध नुसत्या शब्दसाम्याने सिद्ध होत नाही. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात ज्या गणपतीचे आवाहन आहे तो तर ब्रह्मणस्पती होय. ती ऋचा आज गणेशपूजनात म्हटली जाते, एवढ्यावरून वैदिक ऋषींना सोंडेचा देव ठाऊक होता असे समजणे म्हणजे मागाहून आलेल्याला आधीचा ठरविणे होय.

हत्तीचा विषय मात्र अधिक विस्ताराने पाहण्याजोगा आहे, कारण बौद्ध कलेतील हत्ती हा फार मोठा आणि फार देखणा विषय आहे. भारहुतच्या स्तूपावरील, आता कोलकात्याच्या संग्रहालयात असलेल्या वर्तुळाकार शिल्पात निद्रिस्त मायादेवी व वरून उतरणारा हत्ती दिसतो. भगवंताचे अवतरण असे त्यावर कोरलेलेही आहे. धौलीच्या खडकातून हत्तीचा पुढचा भाग बाहेर पडताना दिसतो, तर कालसी येथे अशोकाच्या शिलालेखाशेजारी हत्तीची आकृती रेखाटून तिच्याखाली गजतमे अशी अक्षरे कोरली आहेत. आपल्या महाराष्ट्रात कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत भिंतीतून पुढे आलेले हत्ती आहेत, पितळखोऱ्याला हत्तींची रांग आहे, अजिंठ्याच्या दहाव्या व सतराव्या लेण्यांत छद्दंत जातक रंगविले आहे. आपले दात काढून घेण्यास आलेल्या व्याधाला स्वतः साहाय्य करणारा तो षड्दंत गजराज ज्याने भिंतीवर पाहिला, त्याला बौद्ध परंपरेत हत्ती कशासाठी आहे हे निराळे सांगावे लागत नाही. मज्झिमनिकायात सारिपुत्त सांगतात की सर्व प्राण्यांची पावले हत्तीच्या पावलात मावतात, तसे सर्व कुशल धम्म चार आर्यसत्यांत सामावतात. धम्मपदाचा तेविसावा वर्ग हत्तीच्याच नावाने आहे आणि त्यात आत्मसंयमाचे विवेचन आहे. राजगृहात मदोन्मत्त नालागिरी हत्ती भगवंताच्या मैत्रीभावनेने शांत झाला, ही कथा तर सर्वश्रुत आहे.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. हत्ती येथे हत्तीच आहे. तो बलाचे, धैर्याचे, संयमाचे उदाहरण म्हणून येतो. त्याला नवस बोलले जात नाहीत, कार्यारंभी त्याची पूजा करून संकटनिवारण मागितले जात नाही. मानवी धडावर हत्तीचे मस्तक असलेली देवता ही वेगळी कल्पना आहे. तिच्या निश्चित ओळखता येणाऱ्या मूर्ती गुप्तकाळापासून मिळतात. विदिशेजवळील उदयगिरीच्या सहाव्या लेण्यात, जेथे इ. स. ४०१-०२ चा लेख आहे, तेथे असा गणेश आहे. भारहुतचा हत्ती त्याच्याहून पाचशे वर्षांनी तरी जुना. बौद्ध हत्तीपासूनच गजानन झाला, असे दाखविणारा मधला दुवा या पुस्तिकांपैकी एकीतही आम्हांस आढळला नाही.

येथे कोणी म्हणेल की, बाबासाहेबांनीच पंढरपूरच्या विठ्ठलाविषयी असेच म्हटले नव्हते काय? होय, २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी त्यांनी पंढरपूरची मूर्ती बुद्धाची असल्याचे मत मांडले. परंतु धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात पुढची हकीकतही आहे. या विषयावर प्रबंध लिहून तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापुढे वाचण्याचा मनोदय त्यांनी बोलून दाखविला होता. म्हणजे विरोधी मताच्या विद्वानांसमोर पुरावा ठेवण्याची तयारी असल्याखेरीज असे विधान करू नये, हा दंडक त्यांनी स्वतःस लावून घेतला होता. शिवाय त्या मताचा आधार घेऊन वारीला जा असे त्यांनी कोणास सांगितले नाही. बुद्ध हा विष्णूचा अवतार होय, हे मत पाचव्या प्रतिज्ञेत त्यांनी खोडसाळ प्रचार म्हणून नाकारले आहे. बुद्धाला ब्राह्मणी देवमंडळात बसविणे आणि ब्राह्मणी देवाला बुद्धाचे चीवर नेसविणे, या दोहोंचे फळ एकच होते. दोन्हीकडे मूर्ती देवघरात राहते आणि पूजा चालू राहते.

आता विनायकाविषयी ब्राह्मणी ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. आमच्या मते खरा विषय येथे सुरू होतो, आणि आपल्या पुस्तिकाकारांनी याकडेच पाठ फिरविली आहे.

मानवगृह्यसूत्रात एक नव्हे, चार विनायक आहेत: शालकटंकट, कूष्मांडराजपुत्र, उस्मित आणि देवयजन. ते मंगलकर्ते नाहीत. माणसांना झपाटणारे, कार्यात मोडता घालणारे आहेत. त्यांनी पछाडले की राजपुत्राला राज्य मिळत नाही, कुमारिकेला पती मिळत नाही, स्त्रीला अपत्य होत नाही, विद्यार्थ्याचे अध्ययन खुंटते, व्यापाऱ्याला नफा होत नाही, शेतकऱ्याचे पीक बुडते. याज्ञवल्क्यस्मृतीत या चौघांचा एकच विनायक होतो. रुद्र व ब्रह्मदेव यांनी त्याला गणांच्या आधिपत्यावर नेमून विघ्ने करण्याचे काम सोपविले, असे तेथे सांगितले आहे. अंबिका ही त्याची माता. सोंडेचा उल्लेख तेथे नाही. रा. गो. भांडारकरांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या वैष्णव-शैव पंथांवरील आपल्या ग्रंथात हा क्रम स्पष्ट केला आहे, आणि त्यांच्यावर तरी बौद्ध पक्षपाताचा आरोप कोणी करणार नाही. या विनायकाच्या शांतीसाठी चव्हाट्यावर सुपात ठेवावयाच्या नैवेद्यात मोदक आहेत, तसेच कच्चे व शिजविलेले मासे, मांस आणि तीन प्रकारची सुराही आहे. आजच्या एकवीस मोदकांच्या सोवळ्या ताटाशी हे ताट ताडून पाहण्याजोगे आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीतील याच प्रकरणात विनायकाने पछाडलेल्या मनुष्यास कोणती स्वप्ने पडतात, हे सांगितले आहे. तो खोल पाण्यात बुडतो. त्याला मुंडन केलेले लोक दिसतात. काषाय वस्त्रे नेसलेले दिसतात. तो मांसभक्षक प्राण्यांवर आरूढ होतो. अंत्यज, गाढवे आणि उंट यांच्या समवेत एकत्र बसतो. वाचकांनी ही यादी सावकाश वाचावी. मुंडित मस्तक, काषाय वस्त्र आणि अंत्यज हे एकाच श्वासात दुश्चिन्हे म्हणून मोजले आहेत, आणि अंत्यज गाढवांच्या पंक्तीस बसविला आहे. काषाय वस्त्रे इतर संन्यासीही नेसत, तेव्हा एवढ्या एका उताऱ्यावरून येथे केवळ भिक्षूच अभिप्रेत होता असे ठामपणे म्हणता येणार नाही. तरीही बाबासाहेबांचा १९४८ सालचा अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ ज्यांनी वाचला आहे त्यांना येथे थांबावेच लागेल. बौद्धांविषयीचा तिरस्कार हे अस्पृश्यतेचे एक मूळ होय, हे दाखविताना त्यांनी मृच्छकटिकातील चारुदत्ताचा दाखला दिला आहे. श्रमणाचे दर्शन अशुभ मानून तो वाट बदलतो. नाटकातील चारुदत्त आणि स्मृतीतील स्वप्नशास्त्र एकाच मनोवृत्तीचे साक्षीदार आहेत. विनायक येथे बुद्ध तर नाहीच. बुद्धाच्या अनुयायांसारखे दिसणारे लोक स्वप्नात येणे, हे त्याच्या बाधेचे लक्षण आहे.

पुराणांत हे अधिक उघड होते. गणेशजन्माच्या कथा अनेक, आणि त्या परस्परांशी जुळत नाहीत. शिवपुराणात पार्वतीने अंगच्या मळापासून केलेल्या मुलाचे शिर उडविले जाते, तर ब्रह्मवैवर्तात शनीच्या दृष्टीने मस्तक गळून पडते. या कथा सर्वांना पाठ आहेत. ज्या कथा कीर्तनात सहसा सांगितल्या जात नाहीत त्या वेगळ्या आहेत. स्कंदपुराणातील एका कथेनुसार सोमेश्वराच्या केवळ दर्शनाने स्त्रिया, शूद्र, म्लेंच्छ असे सर्वच लोक स्वर्गात जाऊ लागले. स्वर्ग भरून गेला, नरक ओस पडले, यज्ञयाग बंद पडले. देव घाबरून शंकराकडे गेले. शेवटी पार्वतीने आपल्या अंगाच्या मळापासून गजमुख पुरुष निर्माण केला, आणि या लोकांच्या मनात धनदारांचा मोह घालून त्यांना त्या वाटेवरून परतविण्याचे काम त्याच्याकडे आले. लिंगपुराणात देवांच्या विनंतीवरून विघ्नेश्वर जन्मतो तेव्हा शंकर त्याला कामे नेमून देतात. दक्षिणा न देता जो यज्ञ करील त्याच्या स्वर्गमार्गात उभा राहून विघ्न कर. जे वर्णापासून च्युत झाले, स्वधर्मापासून ढळले, त्यांना सोडू नकोस.

आमच्या समोरचा प्रश्न यामुळे पालटतो. गणपती आधी कोणाचा होता, हे विचारण्यापूर्वी त्याची विघ्ने कोणाच्या वाटेत ठेवली होती हे विचारले पाहिजे. त्याचे उत्तर ग्रंथकारांनी लपविलेले नाही. ती शूद्राच्या, स्त्रीच्या, म्लेंच्छाच्या, वर्णबाह्याच्या आणि दक्षिणा न देणाऱ्याच्या वाटेत होती. आपले पूर्वज कोणत्या यादीत होते, हे सांगावयास संशोधकाची गरज नाही. रिडल्स इन हिंदुइझम या, महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रकाशित केलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी देवांच्या चढउताराची जी छाननी केली आहे तिची रीत हीच आहे. ग्रंथ कालक्रमाने लावावेत, विसंगती दाखवावी, आणि कोणाचा लाभ झाला ते विचारावे.

या संदर्भात देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांच्या लोकायत (१९५९) या ग्रंथातील गणपतीविषयक प्रकरणाचा निर्देश करणे आवश्यक आहे. आपल्यातील अभ्यासू मंडळी त्याचा आधार घेतात, आणि तो घेण्याजोगा आहेही. गणपती हा मूळचा टोळीजीवनातील गणाचा नायक. हत्ती हे त्या गणाचे कुलचिन्ह. वर्णव्यवस्थेच्या पुरस्कर्त्यांना तो शत्रू म्हणून विघ्नराज वाटला आणि सत्ता स्थिरावल्यावर त्यालाच सिद्धिदाता करून घेतले गेले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश आहे. विघ्नकर्त्याचा विघ्नहर्ता कसा झाला, या कोड्याचे इतके सुसंगत उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले आम्हांस ठाऊक नाही. मनुस्मृतीत गणांचे याजन करणाऱ्या ब्राह्मणास श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आहे, त्याचाही अर्थ या दृष्टीने लागतो. परंतु गृह्यसूत्रातले विनायक हे कोणत्या प्रत्यक्ष मानवी गणाचे नायक होते हे ते दाखवू शकत नाहीत, आणि हत्तीचे कुलचिन्ह हा भाग बव्हंशी अनुमानाचाच राहतो. त्यांचे म्हणणे मान्य केले तरी त्यातून गणपती लोकांचा ठरेल. बुद्धाचा ठरणार नाही. आणि जो लोकांकडून काढून घेतला गेला तो शेकडो वर्षे ज्या रूपात लोकांवरच लादला गेला, त्याच्यापुढे पुन्हा हात जोडण्याचे कारण त्यातूनही मिळत नाही.

प्रतीकार्थांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. सोंड म्हणजे ओंकार, मोठे कान म्हणजे बहुश्रुतता, मोठे पोट म्हणजे क्षमाशीलता, उंदीर म्हणजे जिंकलेला अहंकार, ही स्पष्टीकरणे शालेय भाषणांतून सर्वांनी ऐकलेली आहेत. ओंकाराचा गणपतीशी मेळ घालणारे अथर्वशीर्ष हे नावाने वैदिक वाटले तरी फार उत्तरकालीन आहे. व्यासांचा लेखनिक गणेश ही कथाही भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने महाभारताच्या मूळ संहितेत ठेवलेली नाही. ज्या देवतेचे रूप आधी ठरले आणि अर्थ मागाहून शोधले गेले, तिच्याबाबतीत असे होणारच. उंदराच्या जागी मुंगूस असते तर मुंगसाचाही अर्थ सापडला असता. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी हूल उठली तेव्हा सुशिक्षित माणसे वाट्या-चमचे घेऊन रांगेत उभी होती. त्या दिवशी हा प्रतीकार्थ कोणाच्या कामी आला नाही. द्रवाच्या पृष्ठताणाचे शालेय विज्ञान मात्र आले असते.

उत्तरकालीन बौद्ध परंपरेत गणपती आहे, हा आक्षेपही घेतला जातो. आहेच. नेपाळात गणपतिहृदय नावाची धारणी आहे. जपानात तो कांगितेन या नावाने, बहुधा पडद्याआड ठेवून पूजिला जातो. पण त्याच वज्रयानात अपराजिता देवी गणेशाला पायाखाली तुडविताना दाखविली आहे आणि विघ्नांतक नावाचा देवही त्याच्यावर उभा आहे. बिनयतोष भट्टाचार्य यांच्या १९२४ सालच्या मूर्तिशास्त्रावरील ग्रंथात त्यांची वर्णने आहेत. तुडविणारी मूर्ती आपल्याला अधिक सोयीची म्हणून तीच पुढे करणे आम्हांस पसंत नाही. एका देवाला दुसऱ्या देवाच्या पायाखाली घालून धम्म वाढत नाही. ज्या तंत्रयानात देवदेवतांची अशी गर्दी झाली, ते बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या धम्माचे प्रमाण नव्हे.

राहिला लेण्याद्रीचा प्रश्न. तो या सर्वांहून निराळा आहे, कारण येथे दगडाचा पुरावा आहे. जुन्नरच्या उत्तरेस कुकडी नदीपलीकडे असलेल्या या डोंगरात सुमारे तीस लेणी आहेत. सर्वसाधारणपणे इ. स. च्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत ती कोरली गेली. सहावे लेणे हे चैत्यगृह आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने ते दान केल्याचा ब्राह्मी लेख तेथे आहे. त्याच्या शेजारचे सातवे लेणे हा येथील सर्वांत मोठा विहार होय. खांब नसलेले विस्तीर्ण दालन आणि भोवती भिक्खूंच्या वीस खोल्या. या विहाराच्या मागील भिंतीत आज गिरिजात्मज गणपती आहे. पार्वतीने पुत्रासाठी याच गुहेत तप केले अशी कथा सांगितली जाते. लेणे कोरले गेले त्या काळात गजाननाच्या मूर्ती घडत असल्याचा निश्चित पुरावा नाही, हे वर आलेच आहे. म्हणजे मूर्ती नंतरची, विहार आधीचा. हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे, तेव्हा विहाराचे विहारपण शासनालाही ठाऊक आहे.

येथेही आपली पुस्तिकाकार मंडळी चुकीच्या टोकाकडून विषय धरतात. गणपती विहारात आहे, म्हणून गणपती बौद्ध, असे ते म्हणतात. वास्तविक त्यातून निघते ते एवढेच की विहार बौद्ध आहे आणि गणपती त्यात नंतर आलेला आहे. भाडेकरू घरात राहतो म्हणून तो घर बांधणारा ठरत नाही. मूर्तीशी नाते जोडण्याच्या खटपटीत आपण घरावरचे नाते ढिले करीत आहोत, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. दरवर्षी लाखो भाविक त्या पायऱ्या चढतात. त्यांतील किती जण सहाव्या लेण्यातील स्तूपासमोर थांबतात? आणि आपले किती उपासक सुलसदत्ताचा लेख वाचण्यासाठी तेथे जातात?

सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. टिळकांनी १८९३ पासून त्याला जे रूप दिले, त्यात अस्पृश्यांचे स्थान काय होते हे १९२६ साली दादर येथे दिसून आले. वर्गणी सर्वांची चालत होती, पूजेचा हक्क मात्र मागावा लागला, आणि त्या प्रसंगी प्रबोधनकार ठाकरे व बाबासाहेब यांना पुढे व्हावे लागले. तीस वर्षांनी नागपूरला जे घडले त्याने तो हक्क मागण्याची आवश्यकताच संपविली.

जुन्नरच्या परिसरात, लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी व तुळजा हे डोंगर धरून, दोनशेच्या आसपास लेणी आहेत. तेथील लेखांत इरिल, चिट, चंद हे यवन दाते आहेत, आडुथुम हा शक उपासक आहे, धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे. एका लेखात वंसकारांच्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीची नोंद आहे. त्या ठेवीच्या व्याजातून दरमहा संघाला दान मिळत असे. पुढच्या काळात गावाबाहेर घालविल्या गेलेल्या बुरुडांचे हे व्यवसायबंधू त्या काळी विहाराचे विश्वस्त होते, आणि त्यांच्या दानाची अक्षरे अजून वाचता येतात.